बंदुकीचा अर्ज भरण्याआधी

नाशिक

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, सोबत पाठवलेले अमेरिकेतले व्हिडिओही पाहिले. रिव्हॉल्व्हरच्या लायसन्सचा अर्ज भरून द्या, एवढंच तुझं मागणं आहे. अर्ज काय, अर्ध्या तासात भरून होईल. पण तुमच्या घरचा वकील म्हणून इतकी वर्षं तुमची भांडणं ऐकली आहेत, तर आता तूही माझं थोडं ऐकून घे.

‘तिकडे बंदूक हा हक्क आहे, आपल्याकडेच का नाही?’ असं तू विचारतोस. तिकडेही हे तितकं सरळ नाही. शस्त्र बाळगण्याच्या हक्काबद्दलची त्यांची दुसरी घटनादुरुस्ती १७९१ची. पण घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे, असं त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं ते २००८ साली, तेही पाच विरुद्ध चार मतांनी. घराबाहेर जवळ बाळगण्याचा हक्क मान्य झाला २०२२ मध्ये. म्हणजे दोनशे वर्षांनंतरही त्यांचा वाद मिटलेला नाही. आपल्या राज्यघटनेत असा हक्कच नाही. इथे १९५९चा शस्त्र अधिनियम आहे आणि शस्त्र मिळतं ते परवान्याने.

‘निःशस्त्र प्रजा म्हणजे गुलाम प्रजा’ हे तुझं वाक्य मात्र अगदीच उसनं नाही. इंग्रजांनी १८७८ साली शस्त्रांचा कायदा केला तेव्हा गोऱ्यांना मोकळीक होती आणि आपल्या माणसाला परवाना. त्या कायद्यावर महात्मा गांधींनीही कडक टीका केली होती. आणि नाशिककराला पिस्तुलाचा इतिहास वेगळा शिकवावा लागत नाही. २१ डिसेंबर १९०९ला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेल्या गोळ्या लंडनहून चोरून आलेल्या ब्राउनिंग पिस्तुलातल्या होत्या. पण ती लढाई परक्या राज्याशी होती. तुझं भांडण आहे द्राक्षाचे पैसे घेऊन घरी येताना रस्त्यात गाडी आडवी घालणाऱ्या चोरट्यांशी. कान्हेरेंना त्यात ओढू नकोस.

आता कायद्याचं. स्वतःला वाचवायचा हक्क तुला आजही आहे, त्याला लायसन्स लागत नाही. पूर्वी भारतीय दंड संहितेत कलम ९६ ते १०६ होती, १ जुलै २०२४पासून न्याय संहितेत ३४ ते ४४. जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती असेल, तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो. जबरी चोरी आणि रात्रीची घरफोडी यांतही तो तिथवर जाऊ शकतो. भेदरलेल्या माणसाने किती जोर लावला हे सोन्याच्या तराजूत तोलू नये, असं न्यायालयं वारंवार सांगत आली आहेत. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही आणि पोलिसांकडे जायला अवधी असेल तर हा हक्कच उरत नाही. घरफोड्या कुंपणाबाहेर पळत सुटला आणि तू मागून त्याच्या पाठीत गोळी घातलीस, तर कोर्टात आरोपी म्हणून तू उभा राहशील. काठी हातात असली तर माणूस दोन घाव घालून थांबू शकतो. चाप ओढल्यावर थांबता येत नाही, आणि कोर्टात तुझी बाजू मांडताना माझी सगळी अडचण तिथेच सुरू होते.

बिबट्याचं तू लिहिलंस ते खरं आहे. निफाड, सिन्नर, दिंडोरीत उसाच्या कडेने रात्री जाताना कुणाच्याही पोटात गोळा येईल. प्रामाणिकपणे स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना वन्यप्राणी मेला तर तो गुन्हा नाही, असं १९७२चा वन्यजीव कायदाच सांगतो. पण बिबट्या मागून येतो. कमरेचं रिव्हॉल्व्हर काढून, अंधारात नेम धरून, मध्ये आपला सालगडी नाही हे बघून गोळी झाडायला तो तुला वेळ देणार आहे का? त्यापेक्षा दोघांनी मिळून जाणं, मोठा टॉर्च, मोबाइलवर मोठ्याने गाणी आणि वनखात्याचा १९२६ हा नंबर. (खरं तर पाणी भरायला दिवसा वीज मिळाली तर निम्मा प्रश्न सुटेल. त्यासाठी मोर्चा काढलात तर मी पहिल्या रांगेत येईन.) पिकाच्या राखणीला ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद कायद्यात आहे, पण तुला ती नको, तुला कमरेला लावायचं काहीतरी हवं आहे. तेही समजतं. पंचविशीत कुणाला नको असतं!

ज्यासाठी हे पत्र लांबवलं ते आता लिहितो. बंदूक घरात कुठे ठेवशील? काडतुसं काढून, कपाटात कुलूपबंद ठेवलीस, तर दार फुटेपर्यंत किल्लीच सापडायची नाही. भरून उशाशी ठेवलीस, तर घरातल्या प्रत्येकाच्या हाताला ती लागेल. तुझ्या पुतण्याच्या, आणि अण्णांच्याही. अमेरिकेत बंदुकीने मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक आत्महत्या करणारे असतात. तुझ्या व्हिडिओवाल्यांनी हे एकदाही सांगितलं नाही. कॅलिफोर्नियातल्या कोट्यवधी लोकांच्या नोंदी तपासून २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हँडगन बाळगणाऱ्या पुरुषांमध्ये आत्महत्येचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या तिपटीहून जास्त निघालं. बंदूक चोराला किती वेळा पळवून लावते यावर तिकडच्या विद्वानांचं आजही एकमत नाही. आकडे एक लाखाच्या आतून पंचवीस लाखांपर्यंत जातात. घरातल्या धोक्याबद्दल मात्र इतकी ओढाताण नाही.

गारपिटीने बाग झोपली ते वर्ष आठव. अण्णा कुणाशी बोलत नव्हते आणि तुझी आई त्यांना एक मिनिट नजरेआड होऊ देत नव्हती. असा काळ निघून जातो. माणसाला तो निघून जाईपर्यंत कुणीतरी धरून ठेवावं लागतं, आणि तुम्ही धरून ठेवलंत. त्या वर्षी कपाटात रिव्हॉल्व्हर असतं तर? द्राक्षवाल्याच्या घरात असं वर्ष पुन्हा येणारच नाही, असं मला सांगू नकोस.

दरोड्याच्या भीतीवर उपाय आहे: रोकड घ्यायचीच नाही. पैसे बँकेतून मागायचे, व्यापाऱ्याशी सौदा लेखी करायचा. दरोडेखोरांपेक्षा पैसे बुडवून पळालेल्या व्यापाऱ्यांनीच आपल्या तालुक्याला जास्त लुटलंय आणि त्यांच्यावर रिव्हॉल्व्हर चालत नाही.

एवढं वाचूनही हवंच असेल तर रीतसर मार्गाने घे. तुझं गाव ग्रामीण हद्दीत आहे, म्हणजे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे. पोलिसांचा अहवाल मागवला जाईल. जिवाला धोका आहे असं नुसतं म्हणून भागणार नाही, कुठे तक्रार केलीस, कधी केलीस, ते दाखवावं लागेल. नाकारला तर विभागीय आयुक्तांकडे अपील आहे, ते मी चालवेन. ‘एवढी कटकट कशाला’ म्हणून सातपुड्यापलीकडचा गावठी कट्टा आणून देणारा कुणी मित्र असेल, तर त्याचा नंबर आजच काढून टाक. विनापरवाना बंदुकीला २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षांची कैद आहे. लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडून लोकांचा जीव धोक्यात घालणंही त्याच दुरुस्तीने गुन्हा ठरलं, मग बंदूक परवान्याची असली तरी.

माझी अट एकच. अर्जाची कागदपत्रं घेऊन येशील तेव्हा आईला सोबत आण. बंदूक कुठे ठेवायची आणि किल्ली कुणाकडे राहील हे तिच्यासमोर ठरेल. ती हो म्हणाली तर मी त्याच दिवशी अर्ज भरून देतो. शनिवारी संध्याकाळी मी ऑफिसातच असतो.

तुझा,
वकीलकाका