पीसीबीची फाईल वारंवार खराब होते; कोणते रिकव्हरी सॉफ्टवेअर वापरावे?

पेनड्राइव्हवरून कधी घरी, कधी वर्कशॉपमध्ये काम करताना आपली कीकॅडची (पीसीबी म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड आखण्याच्या सॉफ्टवेअरची) बोर्ड फाईल दोनदा उघडेनाशी झाली आणि म्हणून आपण रिकव्हरी सॉफ्टवेअर शोधत आहात, असे आपण लिहिले आहे. तो शोध थांबवा आणि पेनड्राइव्हवरची फाईल थेट उघडून तिच्यावर काम करणे आजपासून बंद करा. हे मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण अशाच एका फाईलपायी माझे नऊ दिवसांचे काम बुडाले आणि दादाशी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाशी, कायमचा वाद झाला.

2021 च्या मे महिन्यात, तौक्ते वादळाच्या आधीच्या आठवड्यात, देवगडच्या आमच्या वर्कशॉपमध्ये आंबा बागायतदारांच्या पंपांसाठी एक बोर्ड तयार होत होता. विहिरीचे पाणी संपले की पंप आपोआप बंद व्हावा, एवढेच त्याचे काम. तेव्हा आम्ही वेगळे सॉफ्टवेअर वापरत होतो. संध्याकाळी शेवटचा ट्रॅक, म्हणजे तांब्याची जोडरेषा, टाकून मी फाईल सेव्ह केली आणि त्याच क्षणी लाईट गेली. इन्व्हर्टर लागला, पंखा थांबलासुद्धा नाही, पण संगणक बंद पडून पुन्हा सुरू झाला. फाईल जागच्या जागी होती, तिचा आकारही पूर्वीइतकाच दिसत होता, पण ती काही उघडेना. फाईलमधला प्रत्येक बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये पाहिले तेव्हा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत फक्त 00 00 00 होते. विंडोजने फाईलच्या आकाराची नोंद डिस्कवर केली होती, आतला मजकूर मात्र तोवर रॅममध्येच राहिला होता. एनटीएफएसचे, म्हणजे विंडोजच्या डिस्कवरील फाईल-व्यवस्थेचे, जर्नल (बदलांची नोंदवही) फाईलविषयीच्या नोंदी सांभाळते, आतला मजकूर सांभाळत नाही. जे त्या फाईलमध्ये लिहिलेच गेले नाही, ते कोणतेही सॉफ्टवेअर तिच्यातून परत आणणार नाही.

दादाचे म्हणणे असे की, इन्व्हर्टर असताना लाईटमुळे फाईल जाईलच कशी, तूच घाईत काहीतरी दाबले असशील. आठवड्यापूर्वी उत्पादकाला पाठवलेल्या गर्बर फायली (बोर्ड छापण्यासाठीचे आराखडे) आणि सर्किटची एक छापील प्रत यांवरून मी तो बोर्ड पुन्हा उभा केला. आमच्या साध्या प्रकारच्या गर्बरमध्ये तांब्याचे आकार होते, पण कोणता पॅड (भाग जोडण्याची जागा) कोणत्या नेटचा, म्हणजे कोणत्या जोडणीचा, ही माहिती नव्हती, त्यामुळे प्रत्येक जोडणी कागदावरून तपासावी लागली. पुढे पावसाळा संपल्यावर साफसफाई करताना दिसले की, इन्व्हर्टरच्या मागचा स्विच यूपीएस मोडवर नव्हताच. साध्या मोडमध्ये बॅटरीवर जायला जो क्षणभर वेळ लागतो तो पंख्याला चालतो, संगणकाला नाही. दादाने हे आजही मान्य केलेले नाही.

आता आपल्याविषयी. पेनड्राइव्ह बहुधा एफएटी32 किंवा एक्सएफएटी प्रकारचा असतो, त्यात जर्नल नसतेच, आणि लिहिणे चालू असताना तो ओढून काढला तर फाईल अर्धवट राहते. प्रकल्प संगणकाच्या डिस्कवर ठेवा, काम संपवून सॉफ्टवेअर बंद करा आणि मगच पेनड्राइव्हवर प्रत घ्या. कीकॅडच्या 6 व्या आवृत्तीपासून झिप बॅकअपची सोय आहे, पण त्या झिप फायली प्रकल्पाच्याच फोल्डरमध्ये पडतात, म्हणजे फोल्डर पेनड्राइव्हवर असेल तर बॅकअपही त्याच्याबरोबरच जाईल. आपल्या दोन्ही फायली वाचण्याची थोडी आशा आहे: कीकॅडची फाईल म्हणजे कंसांत मांडलेला साधा मजकूर असतो, म्हणून ती आधी नोटपॅडमध्ये उघडा. मजकूर दिसत असून शेवट तुटलेला असेल, तर अर्धवट राहिलेला भाग काढून कंस जुळवल्यावर ती पुष्कळदा उघडते. मात्र हे मूळ फाईलवर न करता तिच्या प्रतीवर करावे.

रोजच्या कामासाठी गिट (फायलींच्या प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर) वापरा, कारण फाईल मजकूर असल्यामुळे दररोजचा बदल नोंदवता येतो आणि कालची स्थिती परत मिळते. दोघांनी एकच बोर्ड एकाच वेळी बदलून गिटकडून विलीन करवून घेणे मात्र टाळावे, त्यात कंस बिघडतात. तसेच फायली आपोआप क्लाउडवर चढवणारे सॉफ्टवेअर प्रकल्प उघडा असताना थांबवून ठेवावे. लॅपटॉपची बॅटरी चांगली असेल तर इन्व्हर्टरविषयीचे माझे सांगणे आपल्याला लागू होत नाही. डेस्कटॉप असेल तर तो मागचा स्विच आजच पाहून घ्या.