रिप्लेमध्ये विमान झटके का घेते?

प्रश्न : वैमानिक प्रशिक्षणाला प्रवेश घेण्यापूर्वी हात थोडा बसावा म्हणून मी घरच्या संगणकावर ‘फ्लाइटगिअर’ हे मोफत सिम्युलेटर वापरतो. सेस्ना १७२ हे छोटे विमान घेऊन जुहूच्या धावपट्टीभोवती चार-पाच सर्किट, म्हणजे उडून फेरी मारून पुन्हा उतरणे, करायची आणि मग रिप्ले लावून प्रत्येक लँडिंग टॉवरच्या दृश्यातून, म्हणजे विमानतळाच्या मनोऱ्यावरून दिसेल तसे, तपासायचे, असा माझा क्रम आहे. उड्डाण करताना चित्र सुरळीत असते. रिप्लेमध्ये मात्र विमान झटके घेत उतरते आणि पहिल्या लँडिंगमध्ये तर नाक केव्हा उचलले तेच कळत नाही. शेवटी विमान उभे करतानाचा भाग तेवढा नीट दिसतो. ग्राफिक्सची सगळी सेटिंग्ज कमी करून पाहिली, उपयोग झाला नाही. दुकानदार नवे ग्राफिक्स कार्ड घ्यायला सांगतो. घ्यावे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : कार्ड घेऊ नये. विमान उभे करतानाचा भाग तेवढा नीट दिसतो, असे आपण जाता जाता लिहिले आहे आणि दोषाचा धागा नेमका तिथेच सापडतो. कार्ड कमी पडत असते तर तोही भाग अडखळला असता.

रिप्ले म्हणजे चित्रफीत नव्हे. उड्डाण चालू असताना सिम्युलेटर विमानाचे स्थान, उंची, नाकाचा व पंखांचा कोन, चाके, फ्लॅप अशा गोष्टींचे आकडे वहीत टिपावे तसे टिपत जातो आणि रिप्लेच्या वेळी त्या आकड्यांवरून विमान पुन्हा हलवून दाखवतो. सगळेच आकडे कायम ठेवले तर मेमरी भरून जाईल, म्हणून फ्लाइटगिअरमध्ये ही वही मुळातच तीन टप्प्यांची ठेवलेली आहे. ताज्या ६० सेकंदांतील प्रत्येक फ्रेमची, म्हणजे पडद्यावर उमटलेल्या प्रत्येक चित्राची, नोंद राहते; त्यामागे १० मिनिटांपर्यंतच्या काळासाठी दर अर्ध्या सेकंदाला एकच नोंद उरते; आणि त्याहीमागे, एक तासापर्यंत, दर ५ सेकंदांना एक. मधल्या नोंदी गाळल्या जातात आणि उरलेल्या दोन नोंदींमधील जागा सरळ रेषेने भरून काढली जाते.

आता हे आपल्या सरावाला लावून पाहावे. सेस्ना १७२ साधारण ६५ नॉट वेगाने, ३ अंशांच्या उतारावर धावपट्टीकडे येत असेल, तर ते सेकंदाला सुमारे ३३ मीटर पुढे सरकते आणि पावणेदोन मीटर खाली येते. नोंद अर्ध्या सेकंदाची असेल तर दोन नोंदींमध्ये १६-१७ मीटर अंतर जाते. विमान थांबत नाही, पण प्रत्येक नोंदीपाशी त्याची दिशा किंचित मोडते आणि वळणाच्या जागी कोपऱ्यांची माळ दिसते. आपण ज्याला झटके म्हणता ते हे कोपरे आहेत. नोंद ५ सेकंदांची असेल तर दोन नोंदींमध्ये विमान दीडशेहून अधिक मीटर पुढे आणि जवळजवळ ९ मीटर खाली गेलेले असते. फ्लेअर, म्हणजे धावपट्टीलगत नाक उचलून विमान तरंगत ठेवण्याची क्रिया, जमिनीपासून पाच-सहा मीटरवर सुरू होते. ती संपूर्ण क्रिया दोन नोंदींच्या फटीत हरवू शकते. एक सर्किट पाच-सहा मिनिटांचे धरले, तरी चौथे लँडिंग संपवून आपण रिप्ले उघडता तेव्हा पहिले लँडिंग १० मिनिटांपेक्षा कितीतरी जुने झालेले असते, आणि शेवटचे लँडिंगही टॅक्सी करून, म्हणजे जमिनीवरून चाकांवर चालवत नेऊन, विमान उभे करेपर्यंत त्या ताज्या मिनिटाच्या बाहेर गेलेले असते. चांगली नोंद उरते ती फक्त विमान उभे करतानाची.

खात्री करून घ्यायची असेल तर एक साधी परीक्षा आहे. पडद्यावर फ्रेमचा दर दाखवणारा आकडा चालू करावा आणि टॉवरच्या दृश्यातून रिप्ले पाहावा. टॉवरचे दृश्यच निवडावे, कारण कॉकपिटमधून पाहताना विमानाबरोबर सारे जगच हलते आणि दोष कोणाचा हे ओळखता येत नाही. फ्रेमचा आकडा स्थिर असून एकटे विमानच मोडत मोडत येत असेल, तर दोष नोंदींचा. आकडा एकदम खाली येऊन ढग, इमारती, सगळे चित्रच क्षणभर गोठत असेल, तर तो संगणकावरचा ताण. भूप्रदेशाची माहिती त्याच वेळी इंटरनेटवरून उतरत असली तर असे हमखास होते, आणि मग त्या परिसराची माहिती आधी एकदा पूर्ण उतरवून घेऊन रिप्ले पाहावा.

उपाय दोन आहेत. पहिल्याला काहीच करावे लागत नाही : चाके टेकल्यापासून मिनिटभराच्या आत कंट्रोल आणि आर ही बटणे दाबून रिप्ले उघडावा, म्हणजे अखेरचा टप्पा आणि फ्लेअर पूर्ण नोंदींसह मिळतात. नवशिक्याला मी हाच मार्ग सुचवीन. हाताला काय वाटले ते ताजे असतानाच डोळ्यांनी पाहिले तर चूक लवकर उमजते. चार लँडिंगनंतर पहिल्या लँडिंगमध्ये हात कसा होता ते आठवत नाही.

दुसरा उपाय म्हणजे पूर्ण नोंदींचा काळ वाढवणे. फ्लाइटगिअरच्या लाँचरमध्ये, म्हणजे उड्डाणापूर्वी उघडणाऱ्या खिडकीत, सेटिंग्जच्या पानावर जादा सूचना लिहिण्याची चौकट असते. तिथे रोमन लिपीत, मध्ये मोकळी जागा न सोडता, एक ओळ लिहावी : दोन आडव्या रेघा, ‘प्रॉप’, कोलन, मग प्रत्येकापूर्वी एक तिरकी रेघ देऊन ‘सिम’, ‘रिप्ले’, ‘बफर’ आणि ‘हाय-रेझ-टाइम’ हे शब्द, त्यापुढे बरोबरचे चिन्ह आणि सेकंदांचा आकडा. शेवटच्या नावातील तीन शब्द आडव्या रेघांनी जोडलेले असावेत आणि ‘रेझ’ हे ‘रेझोल्यूशन’ची पहिली तीन इंग्रजी अक्षरे घेऊन लिहावे. हा आकडा सिम्युलेटर सुरू होतानाच वाचला जातो, म्हणून उड्डाणाच्या मध्येच बदलून भागत नाही. ९०० लिहिल्यास १५ मिनिटांची पूर्ण नोंद राहील. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर त्या ५४,००० नोंदी होतात. मूळ व्यवस्थेत तेवढ्याच काळासाठी पाच हजारांहूनही कमी ठेवल्या जातात. मेमरी त्या प्रमाणात लागेल, तेव्हा ३०० पासून सुरुवात करून संगणक पेलतो तितके वाढवत न्यावे.

दोन गोष्टी मात्र कोणत्याही सेटिंगने सुधारत नाहीत. पूर्वी साठवलेल्या टेपमध्ये, म्हणजे रिप्लेच्या फाइलमध्ये, गाळलेल्या नोंदी परत येत नाहीत. तसेच पूर्ण नोंद म्हणजे दर फ्रेमला एक नोंद. त्यामुळे मूळ उड्डाणच सेकंदाला १५ फ्रेमवर रखडत झाले असेल, तर त्याचा रिप्लेही तितकाच विरळ असणार. ग्राफिक्सची सेटिंग्ज कमी करण्याचा खरा उपयोग इथे आहे. ती उड्डाणापूर्वी कमी करावीत.

प्रश्न : लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये मी धावपट्टीवर व्यवस्थित उतरलो होतो, पण साठवलेल्या रिप्लेमध्ये तेच विमान धावपट्टीच्या बाजूला कोसळते. फाइल बिघडली आहे का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : फाइल बहुधा शाबूत आहे. वरच्या उत्तरात वर्णन केलेली पद्धत विमानाच्या स्थानाची नोंद ठेवते; काही सिम्युलेटर मात्र आपण स्टिक (विमान वळवण्याचा दांडा) आणि थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करण्याचा दांडा) किती व केव्हा हलवले एवढेच टिपतात आणि रिप्लेच्या वेळी त्या हालचाली देऊन सगळे उड्डाण नव्याने घडवतात. ‘डीसीएस वर्ल्ड’च्या ट्रॅक फाइली या प्रकारच्या आहेत. सुरुवातीला गणितात केसभर फरक पडला तरी तो पुढे वाढत जातो, आणि अर्ध्या तासाने तुमच्याच हालचाली धावपट्टीऐवजी शेजारच्या शेतावर लागू होतात. रिप्ले वेगाने पुढे पळवल्यास हा फरक वाढण्याचा संभव असतो, म्हणून तो मूळ गतीनेच चालू द्यावा. सिम्युलेटरची आवृत्ती बदलली की जुन्या ट्रॅकवर भिस्त ठेवता येत नाही. विमानाचे गणितच थोडे बदललेले असू शकते. जपून ठेवावेसे वाटणारे उड्डाण असेल तर ते ज्या आवृत्तीत केले त्याच आवृत्तीत, शक्यतो त्याच दिवशी, पडद्याचे चित्रीकरण करून व्हिडिओ म्हणून साठवावे.