गाडी आपोआप वळते

"मॅडम, मी वळवत नाही हो, गाडीच वळते." हळदीच्या अडत दुकानातले दिवाणजी सांगत होते. मार्केट यार्डातून विश्रामबागेला घरी जाताना वाटेत एक कोपरा लागतो, तिथं रोज संध्याकाळी स्कूटर गुत्त्याकडे वळायची. शेजारी बसलेल्या वहिनींनी तोंड फिरवलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

सांगलीत माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या कितीतरी घरांचा प्रश्न मग त्यांनीच विचारला, "लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतात आणि संध्याकाळी पिऊन येतात. आमच्यावर जीवच नाही का यांचा?"

मी दिवाणजींना विचारलं, पहिला घोट आवडतो का?

"छे. कडूजहर लागते. पोटात आग पडते."

इथंच खरी गोम आहे. 'हे केलं तर काय मिळेल आणि ते मला हवंय का' हा हिशेब कपाळामागच्या पेशी ठेवतात. मेंदूत खोलवर स्ट्रायाटम नावाचा भाग आहे. त्याचा आतला पट्टा हेतू धरून वागायला लावतो, बाहेरचा सवयीनं. दारू मेंदूतलं उत्तेजक रसायन ग्लुटामेट दाबते आणि शांत करणाऱ्या गाबा या रसायनाला जोर देते. वर्षानुवर्षं हेच चाललं की पेशी त्याला जुळवून घेतात, कपाळामागची पकड सैल होते आणि कारभार सवयीकडे जातो. बराच काळ दारू दिलेल्या उंदरांना ती नकोशी करून टाकली, तरी ते दारू मिळवून देणारी कळ दाबत राहिले. दिवाणजींची शपथ मनापासूनच होती. सात वाजता स्कूटर मात्र सवय चालवत होती.

वहिनी उद्यापासून दारू एकदम बंद करायला निघाल्या होत्या. मी थांबवलं, कारण सकाळी दिवाणजींचे हात थरथरत होते. रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक सोडली तर झटके येतात, भ्रम होतो, जिवावरही बेततं. आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं.

मग रस्ता बदलला. लेकीचा क्लास शंभर फुटी रोडला, तिला आणायचं काम त्यांच्याकडे दिलं. "पेशी मेल्या असतील तर?" त्यांनी भीत भीत विचारलं. दारू सुटली की आक्रसलेला मेंदू काही महिन्यांत बराचसा सावरतो, हे ऐकून ते पहिल्यांदा सरळ बसले.

तिसऱ्या महिन्यात पावसानं शंभर फुटीवर पाणी साचलं, क्लासला सुट्टी. ते जुन्या रस्त्यानं निघाले आणि गाडी वळली.

रात्री वहिनींचा फोन आला. या वेळी त्यांनी शपथ घ्यायला लावली नव्हती. "पाणी ओसरेपर्यंत यांना कुठल्या रस्त्यानं यायला सांगू?" एवढंच विचारलं. आम्ही दोघींनी फोनवरच रस्ता ठरवला.