शाळेची वेळ साडेसहा तासांची, आपल्या हातात अडीच

मुलगी पहिलीत गेली, व्हॅन साडेआठला नेते आणि तीनला आणून सोडते, तरी मधल्या वेळात हातून काहीच होत नाही. जाऊबाई विचारतात ‘दिवसभर करतेस तरी काय’, आणि दुपारी जरा आडवं झालं तर अपराधी वाटतं, असं तू लिहिलं आहेस. माझा मुलगा आता बारावीला आहे, त्यामुळे हे सगळं करून झालंय. वयाने मोठी म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

मुळात ते साडेसहा तास नसतातच. व्हॅन गेली की ओट्यावर डब्याचा पसारा, अर्धा कप उरलेलं दूध, पलंगावर ओला टॉवेल. कचरा न्यायला ताई येतात तेव्हा बादली दाराबाहेर हवी. मावशींची वेळ दहाची, पण दहा म्हणजे साडेदहाही आणि अकराही, आणि त्या येऊन जाईपर्यंत तू घरात अडकलेली. गॅसवाला, कुरिअर, सोसायटीचा प्लंबर हे सगळे ‘घरी कुणीतरी असेलच’ या खात्रीने येतात. गुरुवारी महापालिकेने दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवलं तर तो दिवस पिंप आणि बादल्यांचा. दोन वाजले की एक कान फाटकाकडे. यातून सलग, कुणी हाक मारणार नाही असे अडीच तास निघाले तरी पुष्कळ.

जाऊबाईंना उत्तर द्यायचंच असेल तर सरकारी आकडा आहे. केंद्राच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात आपल्याच घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात, पुरुषांची 88. म्हणजे जवळजवळ पाच तास, आणि मुलांचं-म्हाताऱ्यांचं करण्याचा वेळ यात नाही, तो वेगळा मोजला आहे. 2019 च्या अशाच सर्वेक्षणाचा दाखला सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2021 च्या एका अपघात-भरपाईच्या निकालात दिला होता, गृहिणीच्या कामाची किंमत भरपाईत धरायला हवी हे सांगताना. पण खरं सांगू का, आकडे ऐकून जावांची मतं बदलत नाहीत. त्या सर्वेक्षणाची पद्धत मात्र उचलण्यासारखी आहे. पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंत दर अर्ध्या तासाला माणसाने काय केलं ते लिहून घेतात. तू आठवडाभर स्वतःचं लिहून बघ, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलंस तरी चालेल. वेळ कुठे जातो ते तुझं तुलाच दिसेल. बहुतेकींच्या बाबतीत तो मोबाइलवर कमी आणि दुसऱ्यांची वाट बघण्यात जास्त गेलेला निघतो.

मग मी ज्याला खरा उपाय मानते तो कर. मूल घरात असतानाही होणारी कामं मूल शाळेत असताना करायची नाहीत. कपड्यांच्या घड्या, मेथी निवडणं, मटार सोलणं, कपाट आवरणं ही सगळी तीननंतरची कामं. पहिलीतली मुलगी मेथी निवडायला बसते, निम्मी पानं काडीसकट टाकते, चालायचंच. आपण काय करतो, तर ती घरी यायच्या आत घर चकाचक करतो, आणि ती आली की तिच्या मागे धावत बँकेचा फॉर्म भरतो. हे उलट कर. दाताच्या डॉक्टरकडे जाणं, बँक, डोकं लागतं असं कोणतंही काम, नवऱ्याशी निवांत भांडण (त्याला घरून काम असेल तर), हे शाळेच्या वेळेतलं.

पुण्यात यात एक जास्तीची अडचण आहे, ती म्हणजे एक ते चार. तुझी वेळ मोकळी होते तेव्हा दुकानाचं शटर खाली. आता मॉल आणि ऑनलाइनमुळे फरक पडलाय, पण पेठेतली, आपल्या गल्लीतली बरीच दुकानं अजून दुपारी बंद असतात. तेव्हा बाहेरची कामं एकच्या आत, आणि आठवड्यातून एकाच दिवशी. 2024 च्या सप्टेंबरअखेर मेट्रो जमिनीखालून स्वारगेटपर्यंत गेली, त्यात मंडईचं स्टेशन झालं, हे आपल्यासारख्यांच्या फार सोयीचं आहे. तुळशीबाग, मंडई, अप्पा बळवंत चौकातून वह्या-पुस्तकं, हे सगळं पार्किंगसाठी घिरट्या न घालता एका फेरीत उरकतं.

दुसरं मूल असेल किंवा होणार असेल तर आणखी एक गणित. 2024-25 पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा शासनाचा आदेश आहे. लहानग्यांच्या झोपेसाठी चांगलंच झालं. पण थोरला सकाळच्या शाळेत आणि धाकटी नऊच्या, असं झालं की तो पावणेसातला जातो आणि पाऊणला परत येतो, ती साडेआठला जाते आणि तीनला येते. दोघंही घरात नाहीत अशी वेळ साडेआठ ते पाऊण एवढीच, आणि त्यात मावशी आल्याच.

आता त्या अडीच तासांचं काय करायचं. पहिली सहामाही कशालाच कायमचा शब्द देऊ नकोस. जून ते दिवाळी या काळात पावसाची सर्दी, ‘ताप आलाय, घेऊन जा’ असे फोन, गणपतीच्या सुट्ट्या, परीक्षेच्या दिवसांतली अर्धी शाळा, यात आठवड्याचा एखादा दिवस जातोच असं धरून चाल. जे काही सुरू करायचं ते दिवाळीनंतर.

घरगुती उद्योगाचं सगळ्यात आधी सुचवलं जातं, आणि तिथेच जपून राहा असं मी सांगेन. डब्यांचा व्यवसाय म्हणजे सकाळी सात ते साडेदहा स्वयंपाक, म्हणजे नेमकी मुलीची वेणी-फणी आणि डब्याची वेळ. फराळाच्या ऑर्डरी येतात त्या दिवाळीच्या सुट्टीत, मुलं घरात असताना. शिकवण्या घ्याव्यात तर मुलं येणार संध्याकाळी, तुझ्याच मुलीच्या वेळेत. तिन्ही कामं चांगली आहेत, पण ती शाळेच्या वेळेत होतात हा गैरसमज आहे. खाद्यपदार्थांचं काहीही केलंस तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी कर, घरून केलं तरी ती लागते. शाळेच्या वेळेत खरोखर बसतात ती कामं म्हणजे हिशेब, भाषांतर, मुद्रितशोधन, शिवण, म्हणजे ज्यात माल उद्या दिला तरी चालतं.

शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, अर्धवट राहिलेली पदवी आमच्या इमारतीतल्या एकीने तिथून पूर्ण केली. फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये परदेशी भाषांचे वर्ग असतात, वेळा जमतात का ते आधी विचार. शिकण्याच्या बाबतीत पुण्यातल्या बायकांना नवीन काही सांगायला नको. रमाबाई रानड्यांनी 1909 मध्ये इथे सेवासदन काढलं तेच संसारात पडलेल्या प्रौढ बायकांना शिकता यावं म्हणून. काहीच नको असेल तर वाचनालय लाव. टेकडीवर जायचं तर एकटी नको, दहानंतर तिथे चिटपाखरू नसतं.

एका कामाला मात्र आवर्जून वेळ दे: शाळेचा पालक-शिक्षक संघ. फी-नियमनाच्या 2011 च्या कायद्याप्रमाणे खासगी शाळांना फीचा प्रस्ताव या संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो, आणि समितीतले पालक सोडतीने निवडतात. नाव दे. बहुतेक नोकरदार पालक ‘वेळ नाही’ म्हणून नाव देत नाहीत आणि फी वाढली की व्हॉट्सॅपवर भांडतात. चार्ट पेपर कापायला आणि स्नेहसंमेलनाचे मुकुट चिकटवायला बोलावतील तेव्हा हातात वेळ असेल तर जा, नसेल तर नको.

‘तू घरीच असतेस ना’ म्हणून येणारी कामं ही खरी गळती. शेजारच्यांचं पार्सल, नणंदेच्या बँकेची खेप, कुणाच्या तरी सोबतीला दवाखाना. निम्मी कर, निम्म्यांना ‘अकरा ते एक मी कामात असते’ एवढंच सांग. काय काम ते सांगू नकोस, सांगितलंस की लोक ते मोजायला लागतात. आमच्या इमारतीत एक बाबा घरी असतो, बायको आयटीत. त्याला कुणी पार्सल घ्यायला सांगत नाही. वॉचमन मात्र वर्षानुवर्षं त्याला विचारतो, ‘आज सुट्टी का साहेब?’

दुपारच्या झोपेचं विचारलंस. सकाळी साडेपाचला उठणाऱ्या बाईने दीड ते अडीच झोपण्यात अपराधी वाटण्यासारखं काय आहे? झोप. गजर लाव, आणि फोन सायलेंट करशील तेव्हा शाळेचा आणि व्हॅनकाकांचा नंबर तेवढा वाजता ठेव.