छतावर ऊन आणि घरात अंधार

प्रश्न : आमच्या छतावर सौर पॅनेल आहेत, तरी वीज गेली की भर दुपारी आमचाही पंखा बंद! मग मोठ्या ब्लॅकआउटनंतर अशा छोट्या स्रोतांतून वीज परत आणता येते, ती कशी?

उत्तर : तुमचा सौर इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र) बिघडलेला नाही, त्याने बंदच व्हायला हवं. लाइन बंद म्हणून वायरमन खांबावर चढतो आणि तेव्हाच तुमच्या छतावरून तारेत वीज आली, तर त्याच्या जिवावर बेतेल. नियंत्रण कक्षात नोकरी केलेला माणूस म्हणून सांगतो, या नियमात सवलत मागू नका.

दुसरं कारण तांत्रिक आहे. साधा सौर इन्व्हर्टर ग्रिडच्या, म्हणजे मुख्य वीजजाळ्याच्या, ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० आवर्तनं) ठेक्यावर चालतो. ग्रिड गेला की ठेका धरायला कुणीतरी हवं : डिझेल जनरेटर, छोटं जलविद्युत केंद्र किंवा बॅटरीवरचा ग्रिड-फॉर्मिंग इन्व्हर्टर (हा ठेका स्वतःच तयार करणारा). शिवाय बाहेरच्या लाइनपासून तोडणारा स्विच असेल, तर मायक्रोग्रिड (स्वतःचे वीजस्रोत असलेलं छोटं स्थानिक वीजजाळं) एकटा चालतो. २०११च्या भूकंपानंतर जपानमधल्या सेंदाईत गॅस इंजिनं, सौर पॅनेल आणि बॅटरी यांच्या मायक्रोग्रिडने रुग्णालयाची वीज अशीच सांभाळली.

खरी कसोटी पुढे असते. सगळे फीडर (एकेका भागाला वीज नेणाऱ्या लाइन) एकदम चालू केले, तर थांबलेले फ्रिज, एसी, पंप एकाच वेळी वीज ओढतात. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त भार येतो, फ्रिक्वेन्सी (तोच ५० हर्ट्झचा ठेका) कोसळते आणि पुन्हा अंधार. म्हणून आधी रुग्णालय, पाणीपुरवठा, मोबाइल टॉवर; बाकीचे फीडर एकेक करून.

मुख्य ग्रिड परत आला, की मायक्रोग्रिडची त्याच्याशी जोडणी. सिंक्रोस्कोपचा (दोन्हीकडच्या विजेचा ठेका जुळतो का, हे दाखवणाऱ्या मीटरचा) काटा भराभर फिरत असेल, तर ब्रेकरला (दोन्ही बाजू जोडणाऱ्या मोठ्या स्विचला) हात लावायचा नाही. दोन्हीकडचं व्होल्टेज जुळवायचं, फ्रिक्वेन्सी जवळ आणायची आणि काटा अगदी सावकाश बाराकडे येताना ब्रेकर लावायचा. चुकीच्या क्षणी लावला, तर जनरेटरच्या शाफ्टला जबर हिसका बसतो. आता हे काम बहुतेक ठिकाणी रिले, म्हणजे स्वयंचलित उपकरण, करतो.

अख्खा देश मात्र मायक्रोग्रिडवर उठत नाही. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन अंधारात गेला, तेव्हा जलविद्युत केंद्रं आणि फ्रान्स-मोरोक्कोकडून आलेली वीज यांच्या आधारे तो सावरला. तोवर रुग्णालयं चालू ठेवणं, हे मायक्रोग्रिडचं काम. आणि ते मला फार मोलाचं वाटतं.

तुमच्यापुरतं सांगायचं, तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर (सौर पॅनेल, बॅटरी आणि ग्रिड तिन्ही सांभाळणारा) घ्या. ग्रिड गेल्यावर तो घर आपोआप लाइनपासून तोडतो का, हे बसवणाऱ्याला मेन स्विच पाडून दाखवायला सांगा.