ब्रेक लायनिंगमधे, म्हणजे डिस्कवर घासणाऱ्या पॅडच्या मालात, अँटिमनी सल्फाइड या कोरड्या लुब्रिकंटच्या जागी तेवढंच ग्रॅफाइट टाकलं तर चालतं का? आणि ब्रेकमधे लुब्रिकंट मुळात कशाला?

दुसरा प्रश्न आधी उरकते. लुब्रिकंट घर्षण मारायला नसतंच, ते घर्षण एका पातळीवर धरून ठेवायला असतं. घर्षणाचा गुणांक पॅड गार असताना ०.४ आणि घाट उतरून तापल्यावर ०.२ झालं तर ड्रायव्हरच्या पायाला काही अंदाजच उरत नाही. डिस्कवर पॅडच्या मालाचा एक पातळ थर बसतो, तो सलग बसला तर घर्षण स्थिर, तुकड्यातुकड्यांनी बसला तर आवाज, थरथर आणि डिस्कवर चरे. सल्फाइड तो थर बसवतं आणि टिकवतं, कारण सल्फरचं लोखंडाशी चांगलं जमतं. बास.

आता पहिला प्रश्न. "तेवढंच" म्हणजे कशाने तेवढंच, वजनाने? मग नाही चालत. हे मी भर मीटिंगमधे सांगितलं होतं आणि मला उत्तर मिळालं होतं की "आपण माल वजनाने विकत घेतो, वजनाने मिक्सरमधे टाकतो, मधेच हे व्हॉल्यूम कुठून आणलंस?"

झालं असं की कस्टमरला अँटिमनी नको होतं, आणि त्याचं बरोबरच होतं. अँटिमनी सल्फाइड तापून हवेत जळलं की ट्रायऑक्साइड होतं, त्याला आयएआरसीनं (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) १९८९ मधेच संशयित कर्ककारकांच्या टू-बी गटात टाकलं होतं आणि २०२२ मधे तर त्रिसंयुजी अँटिमनीच टू-ए मधे, म्हणजे बहुधा कर्ककारकांच्या गटात गेलं. तर आमच्या तेव्हाच्या प्लांट हेड साहेबांनी फॉर्म्युला शीटवर अँटिमनीची ओळ खोडली आणि ते ४ टक्के सरळ ग्रॅफाइटच्या ओळीत मिळवले, आधी ६ होतं ते १० झालं, दोन मिनिटांत काम खल्लास, स्वस्तही पडलं, परचेसवाले खूष.

किलोभर लोखंड जड की किलोभर कापूस हे कोडं पोराटोरांना घालतात ना, तेच इथे चाळीस-पन्नाशीच्या माणसांना घालायची वेळ आली. अँटिमनी सल्फाइडची घनता लिटरला ४.६ किलोच्या आसपास, ग्रॅफाइटची २.२. म्हणजे १०० किलोच्या मिक्समधे ४ किलो सल्फाइड जेमतेम ०.८७ लिटर जागा घेत होतं, तिथे ४ किलो ग्रॅफाइट १.८ लिटर घेणार. आणि घासताना पॅडच्या तोंडावर वजन दिसत नाही हो, जागा दिसते! शिवाय ग्रॅफाइटला रेझिन, म्हणजे सगळा माल चिकटवून धरणारा डिंक, नीट धरत नाही, त्याचे पापुद्रे सुटतात, आणि वरून रेझिनचा व्हॉल्यूममधला वाटाही कमी झाला.

ट्रायल बॅच घेतली तर मिक्स फुगलेलं, डायमधे नेहमीसारखं बसेना, ऑपरेटर वैतागला. पॅडची डेन्सिटी कमी, शिअर टेस्टला (पॅड आडव्या जोराने तोडून बघतात ती) आकडा खाली. डायनोवर, म्हणजे ब्रेक तपासायच्या मशीनवर लावलं तर गार असतानाच घर्षण कमी, फेडनंतर (तापून घर्षण पडल्यावर) रिकव्हरी ढिली आणि वेअर, म्हणजे झीज, जास्त. यावर साहेबांचं निदान काय, तर प्रेसवर गॅस नीट काढला नाही, म्हणजे ब्रीदिंग कमी दिलं. त्या प्रेसवाल्या बिचाऱ्याला सगळ्यांदेखत झापलं, त्याचा यात काडीचा संबंध नव्हता, तो वर्षानुवर्षं त्याच सेटिंगवर चांगला माल काढत होता. मला आजही राग येतो तो याचा, माझं ऐकलं नाही याचा तितका नाही (बरं, त्याचाही येतो).

मग मी टिन सल्फाइड घेतलं, घनता ५.२, आधी लिटरमधे हिशोब केला, अँटिमनीने जेवढी जागा घेतली होती तेवढीच याला दिली, ग्रॅफाइट परत ६ वर आणलं, वजनाचा जो फरक पडला तो बराइटमधे, म्हणजे भरीच्या खनिजात जिरवला. त्याच प्रेसवर, त्याच माणसाने, त्याच ब्रीदिंगने पॅड काढले आणि डायनोवर ते पास झाले. रिपोर्टमधे साहेबांनी लिहिलं "प्रोसेस ऑप्टिमायझेशनमुळे सुधारणा". कसली प्रोसेस आणि कसलं काय!

तर तुमच्याकडे कोणी "टक्का तोच ठेव, नाव बदल" म्हणालं तर सरळ घनतेचा तक्ता समोर ठेवा आणि लिटरमधे बोला. समोरचा पदाने मोठा असेल तर लेखी बोला, ईमेल टाका, नंतर कामाला येतं.

आणि नुसतं ग्रॅफाइट का पुरत नाही तेही राहिलंच. ग्रॅफाइटला घसरायला हवेतली वाफ लागते, पृष्ठभाग खूप तापला की वाफ उडून जाते. त्यात ३०० अंशांच्या पुढे फेनॉलिक रेझिन स्वतःच सुटायला लागतं, नेमकं तेव्हा कोणीतरी धातूशी धरून राहणारं हवं असतं. मॉली, म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइड, वाफेशिवाय मस्त चालतं, पण हवेत ४०० अंशांच्या आसपास त्याचं ऑक्साइड व्हायला लागतं, म्हणून महाग आहे म्हणजे भारीच असणार असं समजून ते ओतत बसू नका. अँटिमनीवाल्याची गंमत अशी की ते ५५० ला वितळतं आणि त्याचं ऑक्साइड झालं तरी ते काही काम करत राहतं, म्हणूनच ते सोडायला लोक इतके कुरकुरतात. टिन सल्फाइड वितळायला ८८० पर्यंत जावं लागतं.

हां, एक सांगायचं राहिलं, अँटिमनी सल्फाइड म्हणून नैसर्गिक स्टिबनाइट (त्याचंच खनिज) दळून आलेलं असेल तर त्यात क्वार्ट्झ असू शकतं, कधी शिसं आणि आर्सेनिकपण, आणि क्वार्ट्झ डिस्क खातं. त्यामुळे जुना पॅड आणि नवा पॅड यांची तुलना करताना फरक लुब्रिकंटचा की त्या खड्यांचा हे आधी तपासा.

हे सगळं रेझिनवाल्या कोरड्या पॅडचं झालं. क्लच फेसिंगमधे रबर असतं, त्यामुळे सल्फाइडमधे मोकळा सल्फर असेल तर तो रबराच्या क्युअरमधे, म्हणजे ते तापवून पक्कं होण्यात, लुडबुड करतो, सप्लायरकडून तो आकडा मागून घ्या. सिंटर्ड पॅडला, म्हणजे धातूची पूड दाबून भट्टीत भाजलेल्या पॅडला, यातलं काहीच जसंच्या तसं लावू नका, तिथे भट्टीतच मॉली लोखंड-तांब्याशी रिॲक्ट होऊन दुसरी सल्फाइडं तयार होतात.