अक्कांचं मनगट

"ॲक्युप्रेशर केलं तर चालेल का?" हा प्रश्न मला नेहमी येतो. मी आधी विचारते, कुठं दाबता? आणि कशाच्या भीतीनं?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एक अक्का (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदललेत). पन्नाशी उलटलेली. लग्नाआधीपासून विड्या वळतात. मांडीवर सूप, पान कातरायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. हजार विड्या होईपर्यंत बोटांना उसंत नाही. झोप लागत नाही म्हणून सून घेऊन आली.

"ताई, रातच्याला बोटाला मुंग्या येऊन जाग येते. हात झटकला की जरा बरं वाटतं. मला लकवा होणार बघा."

सासूला लकवा झाला होता. सहा वर्षं सगळं अक्कांनीच केलं. म्हणून रोज रात्री त्या अर्धा तास मनगट दाबायच्या, अगदी वळ उठेपर्यंत. शेजारणीनं बिंदू दाखवला होता: मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, मधोमध.

हा बिंदू खरा आहे, पण तो मळमळीसाठी वापरतात. शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्यांवर त्याचा थोडाफार उपयोग दिसलाही आहे. लकव्याशी त्याचा संबंध नाही. शिवाय त्याच्या बरोबर खालून जी नस जाते, तीच अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाला संवेदना देते. अक्कांना मुंग्या तिथंच यायच्या. करंगळी ठीक होती.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे निदान केलं नाही. एवढंच सांगितलं, की लकवा बहुतेक वेळा अचानक येतो. तोंड वाकडं होतं, बोलणं अडखळतं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो. तसं दिसलं तर काही दाबत बसू नका, तडक दवाखाना गाठा. आणि या मुंग्यांसाठीही डॉक्टरांना दाखवाच.

तपासणीत मनगटात नस दबल्याचं निघालं. रात्री बांधायला पट्टा मिळाला, साखर आणि थायरॉईडही तपासलं.

"मग दाबायचं बंद?" अक्कांचा चेहरा उतरला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, दिवसभरात फक्त त्याच अर्ध्या तासात त्यांना कुणी हाक मारत नसे. तो वेळ मी कशाला काढून घेऊ? मनगट सोडायला सांगितलं. त्याऐवजी दोन भुवयांच्या मधे, बोटानं हलकेच, दोन मिनिटं, श्वास सावकाश सोडत. दुखेपर्यंत दाबलं म्हणजे गुण जास्त, ही समजूत मला फार छळते. मधुमेहानं तळपाय बधिर झालेली माणसं काटेरी ॲक्युप्रेशर चपला घालून फिरतात, जखम झालेली त्यांना कळतही नाही. गरोदर बाईनंही डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलाच बिंदू दाबू नये.

पुढच्या खेपेला अक्का एकट्याच आल्या. झोप थोडी सुधारली होती. पदराखाली हात घेऊन बसल्या आणि सासूच्या त्या सहा वर्षांबद्दल पहिल्यांदाच बोलल्या. तासभर.